लॉटरी लागली, आता हिशेबही विचारा: पेनसिल्व्हेनियातल्या मराठी पालकांना खुलं पत्र

प्रिय पालकहो,

सस्नेह नमस्कार.

चार्टर शाळांच्या प्रवेशाच्या लॉटरीचे निकाल लागले की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषय नसतो. कुणाचा नंबर लागला, कोण वेटलिस्टवर कितवं आहे, थोरलं मूल शाळेत असेल तर धाकट्याला प्राधान्य मिळतं का, गणिताचा वर्ग पुढचा देतात का. माझी धाकटी अशाच लॉटरीतून चार्टर शाळेत गेली. थोरला डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, हायस्कूलमध्ये आहे. दोन्ही शाळांनी माझ्या मुलांना भरभरून दिलं आहे, तेव्हा हे पत्र चार्टर शाळांच्या विरोधात आहे असं कृपा करून समजू नका. पण आपल्या ग्रुपवर एक प्रश्न कधीच येत नाही आणि तो यावा म्हणून लिहायला बसले आहे. या शाळांचा पैसा नेमका कुठून येतो आणि त्याचा जाब कोण कुणाला देतं?

आपल्यातले बरेच जण अजूनही चार्टर शाळेला ‘फुकटातली प्रायव्हेट शाळा’ म्हणतात. कायद्याने ती सार्वजनिक शाळा आहे. पेनसिल्व्हेनियाचा चार्टर कायदा १९९७ चा. शाळा काढू इच्छिणारी मंडळी स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टकडे अर्ज करतात, डिस्ट्रिक्टचं निवडून आलेलं बोर्ड मंजुरी देतं आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण होतं. कारभार मात्र शाळेच्या स्वतःच्या विश्वस्त मंडळाचा असतो. गावाकडच्या अनुदानित शाळा आठवा, म्हणजे चटकन लक्षात येईल: पगार सरकारचा, कारभार संस्थेचा. फरक असा की इथे पैसा मुख्यतः आपल्याच डिस्ट्रिक्टच्या तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या प्रॉपर्टी टॅक्समधून, दर मुलामागे ठरलेल्या हिशेबाने जातो.

त्या हिशेबाची गंमत बघा. डिस्ट्रिक्टने आपल्या एका विद्यार्थ्यामागे आदल्या वर्षी जो खर्च केला, त्यातून काही बाबी वजा करून उरलेली रक्कम मुलाबरोबर चार्टर शाळेकडे जाते. ऐकायला हे अगदी न्याय्य वाटतं. मूल गेलं, पैसा गेला. पण समजा डिस्ट्रिक्टच्या पाच प्राथमिक शाळांमधून मिळून तीस मुलं चार्टरला गेली. केजीपासून पाचवीपर्यंतचे सहा वर्ग धरले, तर प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक इयत्तेतून साधारण एकेक मूल कमी झालं. त्यामुळे एकही शिक्षक कमी करता येत नाही, एकही बस बंद करता येत नाही, इमारत तापवायचा खर्च तेवढाच राहतो. तीस मुलांचे पैसे मात्र निघून गेलेले असतात. त्यात सकाळी आपल्या कोपऱ्यावर येऊन थांबणारी चार्टर शाळेची पिवळी बसही कायद्याने डिस्ट्रिक्टलाच पुरवावी लागते, शाळा डिस्ट्रिक्टच्या हद्दीबाहेर १० मैलांपर्यंत असली तरी. पूर्वी या खर्चाचा काही भाग राज्य सरकार डिस्ट्रिक्टला भरून द्यायचं. २०११ च्या बजेटमध्ये ती भरपाई बंद झाली आणि तेव्हापासून सगळा भार स्थानिक करदात्यांवर आहे.

हा भार कसा दिसतो ते पाहायचं असेल तर जूनमधल्या बजेटच्या बैठकीला एकदा जाऊन बसा. आमच्या डिस्ट्रिक्टची बैठक मिडल स्कूलच्या लायब्ररीत होते. मुलांच्या उंचीच्या खुर्च्या, समोर लांब टेबलामागे बोर्डाचे नऊ सभासद. एक पैसा मानधन नाही, दिवसभराच्या नोकऱ्या आटोपून आलेले. पडद्यावर आकडे सरकत असतात. पगार, पेन्शन, स्पेशल एज्युकेशन (विशेष गरजा असलेल्या मुलांचं शिक्षण) आणि मग चार्टर ट्यूशनची ओळ. ती ओळ आली की व्यवस्थापक सांगतात, या रकमेवर आमचं नियंत्रण नाही, कायद्याने येईल तेवढं बिल भरावं लागतं. मग बोलायला उठते कुणीतरी निवृत्त बाई. हातात शाळेच्या टॅक्सचं बिल, नवरा गेलेला, उत्पन्न सोशल सिक्युरिटीचं. ती विचारते, दर वर्षी कर वाढतो आणि तरी वाद्यवृंदाच्या शिक्षकाची जागा रिकामी का ठेवता? त्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर आहे, पण ते लांबलचक आहे आणि चार्टर हा त्याचा फक्त एक भाग आहे. पेन्शनचा बोजा आहे, राज्याचा हात आखडता आहे. तरीही ती ओळ तिथे असतेच.

त्या खोलीत आपली माणसं नसतात. हे मला फार लागतं. टाउनशिपमध्ये आपली इतकी घरं आहेत, गणपतीला हॉल पुरत नाही. आणि चार्टर शाळेच्या नूतनीकरणाची सुनावणी असते तेव्हा हेच आपण एकाच रंगाचे टी-शर्ट घालून, मुलांना कडेवर घेऊन रांगा लावतो. शाळा वाचवायला आलेल्या त्या गर्दीत मीही होते आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्या सुनावणीत आपल्यापैकी एकानेही शाळेला काही विचारलं नाही. सगळ्यांनी कौतुकच केलं. ज्या बोर्डाने आपल्या वतीने प्रश्न विचारायचे, त्याच्यासमोर आपण शाळेची ढाल होऊन उभे राहतो.

यात एवढं काय मोठं, असं वाटत असेल तर आपल्या घरापासून तासाभराच्या आत असलेल्या चेस्टर शहराकडे बघा. नावाने गोंधळू नका, हे शहर आपल्या चेस्टर काउंटीत नाही, शेजारच्या डेलावेअर काउंटीत आहे. नदीकाठचं जुनं कारखान्यांचं गाव, आता गरीब, बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीय. तिथलं चेस्टर अपलँड डिस्ट्रिक्ट वर्षानुवर्षं कर्जात आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये तिजोरीत पगारालाही पैसे उरले नाहीत आणि तिथल्या शिक्षकांनी, बसचालकांनी, कर्मचाऱ्यांनी बिनपगारी शाळा उघडायचं ठरवलं. डिस्ट्रिक्टमधली जवळजवळ निम्मी मुलं तेव्हा चार्टर शाळांत होती. स्पेशल एज्युकेशनच्या प्रत्येक मुलामागे चार्टरला सुमारे ४०,००० डॉलर द्यावे लागत होते. मुलाची अडचण किती मोठी आहे यावर तो आकडा ठरत नव्हता. ज्याला आठवड्यातून थोडा वेळ उच्चार सुधारायला मदत लागते ते मूल आणि ज्याला दिवसभर सोबत माणूस लागतो ते मूल, दोघांना तोच दर. तेव्हाचे गव्हर्नर टॉम वुल्फ कोर्टात गेले आणि पुढे तडजोड होऊन तो दर २७,००० च्या आसपास आला. त्या शहरातली सगळ्यात मोठी चार्टर शाळा नफा कमावणाऱ्या खाजगी कंपनीकडून चालवली जाते. शाळेच्या नोंदी तुम्ही मागू शकता, कंपनीच्या आतल्या हिशेबापर्यंत पोचणं मात्र फार कठीण.

चेस्टरच्या पालकांनी चार्टर निवडलं यात त्यांचा काहीही दोष नाही. गळकं छप्पर आणि दर वर्षी बदलणारे शिक्षक बघून कुठलीही आई दुसरी शाळा शोधेल. दोष त्या सूत्राचा होता. ते सूत्र कुणीतरी लिहिलं होतं, कुणीतरी वर्षानुवर्षं तसंच राहू दिलं होतं आणि त्याची किंमत मागे राहिलेल्या मुलांनी मोजली.

आता सायबर, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या, चार्टरकडे येते, कारण कोविडनंतर आपल्यातल्या काही घरांनीही हा मार्ग धरला. सायबर शाळेला मान्यता डिस्ट्रिक्ट देत नाही, थेट राज्याचं शिक्षण खातं देतं. बिल मात्र डिस्ट्रिक्टलाच येतं. आणि ते डिस्ट्रिक्टगणिक वेगळं असतं, म्हणजे तोच ऑनलाइन वर्ग, तेच शिक्षक, तोच लॅपटॉप, पण मूल श्रीमंत टाउनशिपमधलं असेल तर रक्कम जास्त. राज्याचे ऑडिटर जनरल टिमोथी डिफूर यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच सायबर चार्टरचा तपासणी अहवाल दिला. २०२० ते २०२३ या काळात या पाच शाळांचं उत्पन्न ४७.३ कोटी डॉलरवरून ८९.८ कोटींवर गेलं होतं आणि शिल्लक गंगाजळी २५.४ कोटींवरून ६१.९ कोटींवर. खर्चात गिफ्ट कार्डं आणि गाड्यांचे हप्तेसुद्धा होते. डिफूर यांनी स्पष्ट सांगितलं की यात कायदा मोडलेला नाही, सूत्रच बदलायला हवं. ते रिपब्लिकन आहेत. त्यांच्या आधीचे ऑडिटर जनरल युजीन डिपास्क्वाले डेमोक्रॅट होते आणि त्यांनी तर या राज्याचा चार्टर कायदा देशातला सगळ्यात वाईट कायदा आहे असं म्हटलं होतं. तेव्हा हा मुद्दा अमुक पक्षाचा म्हणून बाजूला सारता येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार महिने रखडलेलं बजेट अखेर मंजूर झालं तेव्हा सायबर शाळांच्या सूत्रात काही दुरुस्त्या झाल्या, त्याला इतकी वर्षं लागली.

आणि कायदा मोडला गेला तेव्हा काय झालं? पिट्सबर्गपलीकडे मिडलंड नावाचं पोलादाचं छोटं गाव आहे. गिरणी बसली, गावाला स्वतःचं हायस्कूलही उरलं नाही. तिथून निघालेली पीए सायबर ही राज्यातली एक सर्वांत मोठी ऑनलाइन शाळा झाली. तिचे संस्थापक निक ट्रॉम्बेटा यांनी शाळेशी संबंधित कंपन्यांमधून लाखो डॉलर वळवले, करचुकवेगिरीच्या कटाचा गुन्हा कबूल केला आणि २०१८ मध्ये त्यांना २० महिन्यांची शिक्षा झाली. शाळा आजही चालू आहे, मुलं शिकत आहेत. पण ते पैसे राज्यभरातल्या डिस्ट्रिक्टांनी दिलेले होते, ज्यांना त्या शाळेच्या कारभारात एका शब्दाचाही अधिकार नव्हता.

शेजारच्या ओहायोत तर पटच खोटा निघाला. ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो’ या ऑनलाइन चार्टरने २०१५-१६ साठी १५,३०० पूर्णवेळ विद्यार्थी दाखवले. राज्याने लॉग-इनच्या नोंदी तपासल्या तेव्हा सुमारे ६,३०० एवढेच सिद्ध करता आले. ६ कोटी डॉलर परत करा असा आदेश निघाला आणि जानेवारी २०१८ मध्ये, वर्षाच्या मध्यावर, शाळा बंद पडली. १२,००० च्या आसपास मुलं एका आठवड्यात दुसरी शाळा शोधत होती. त्यांना सामावून कुणी घेतलं? पुष्कळांना त्यांच्या गावच्या साध्या, डिस्ट्रिक्टच्या शाळांनी. त्या शाळा कुणालाही, कधीही, वर्षाच्या कुठल्याही दिवशी नाही म्हणू शकत नाहीत.

आपल्याला ही गोष्ट नवी वाटायला नको. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला महाराष्ट्रात पटपडताळणी झाली. त्याआधी नांदेडचे तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी आपल्या जिल्ह्यात अशी मोजणी करून दाखवली होती. मग सगळ्या राज्यात एकाच वेळी पथकं शाळाशाळांत गेली आणि तेच मूल दुसऱ्या शाळेत दाखवता येऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. सुमारे २० लाख मुलं फक्त हजेरीपटावर होती. त्यांच्या नावावर तुकड्या, शिक्षकांच्या जागा, खिचडीचे तांदूळ, सगळं मंजूर होत होतं. मुलामागे पैसा हे तत्त्व जिथे जिथे आहे, तिथे मुलं मोजायला कुणीतरी बाहेरचा, निःस्वार्थी माणूस लागतो. नांदेडला लागला, ओहायोला लागला, आपल्या टाउनशिपलाही लागतो.

दुसरी बाजूही सांगते, कारण ती खरी आहे. चार्टरची कल्पना १९८८ मध्ये उचलून धरली ती शिक्षकांच्या संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी. शिक्षकांना मोकळीक द्या, नवं काही करून बघू द्या, जमलं ते बाकीच्या शाळांनी घ्यावं, असा विचार होता. मिनेसोटाने १९९१ मध्ये पहिला कायदा केला. आज देशात सुमारे ३७ लाख मुलं चार्टर शाळांत आहेत. स्टॅनफर्डच्या ‘क्रेडो’ केंद्राने २०२३ मध्ये केलेल्या देशव्यापी अभ्यासात चार्टरची मुलं वाचनात वर्षाला सरासरी १६ दिवसांच्या शिक्षणाइतकी आणि गणितात ६ दिवसांइतकी पुढे दिसली, आणि शहरांतल्या गरीब, कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांना फायदा जास्त. त्याच अभ्यासात ऑनलाइन चार्टरची मुलं वाचनात ५८ आणि गणितात १२४ दिवसांनी मागे होती. म्हणजे चार्टर असणं हा काही गुण नाही आणि अवगुणही नाही. शाळा कोण चालवतं आणि त्याच्यावर नजर कोण ठेवतं यावर सगळं अवलंबून आहे.

‘डिस्ट्रिक्टमध्ये काय कमी उधळपट्टी होते?’ असं मला आपल्याच एका काकांनी विचारलं. होते. पण डिस्ट्रिक्टच्या बोर्डाचा एखादा सभासद नको असेल तर विषम वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये त्याला घरी बसवता येतं. चार्टरच्या विश्वस्तांना आपण निवडत नाही, मंडळच पुढचं मंडळ नेमतं. म्हणूनच तिथे पालकांचे प्रश्न अधिक टोकदार हवेत.

तर मागणं एवढंच आहे. तुमचं मूल ज्या चार्टर शाळेत आहे, तिच्या विश्वस्तांच्या बैठकीला जा. सनशाइन कायद्याने ती खुली आहे. विचारा की सप्टेंबरमध्ये आलेली किती मुलं जूनपर्यंत टिकली, जी गेली ती का गेली आणि त्यांच्या जागा वेटलिस्टमधून भरल्या की रिकाम्या ठेवल्या. विचारा की इमारत कुणाच्या मालकीची आहे, भाडं कुणाला जातं आणि तो मालक कुठल्या विश्वस्ताचा नातेवाईक किंवा भागीदार आहे का. विश्वस्तांना दर वर्षी १ मेपर्यंत आर्थिक हितसंबंधांचं निवेदन भरावं लागतं, ते मागून बघा. माहितीच्या अधिकाराचा कायदा चार्टर शाळांनाही लागू आहे आणि शाळेला ५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. स्पेशल एज्युकेशनची किती मुलं आहेत आणि त्यांतल्या किती जणांची गरज खरोखर मोठी आहे, हेही विचारा. ज्या शाळेत आपली हुशार मुलं चमकतात, तिथे व्हीलचेअरवरच्या मुलाला, इंग्रजी नुकतंच शिकू लागलेल्या मुलाला, आईबाबा दोन नोकऱ्या करतात म्हणून लॉटरीचा फॉर्म भरायची तारीख चुकलेल्या मुलाला दार किती उघडं आहे, हा प्रश्न आपण नाही विचारला तर कुणी विचारायचा? चांगली शाळा या प्रश्नांनी चिडत नाही. माझ्या मुलीच्या शाळेने पहिल्यांदा थोडी कां कूं केली, मग सगळे कागद दिले आणि त्यानंतर माझा त्या शाळेवरचा विश्वास वाढला.

आणि आपल्या डिस्ट्रिक्टच्या बैठकीलाही या, मूल तिथे शिकत नसलं तरी. ‘आम्हाला कुठे मतदानाचा हक्क आहे’ हे वाक्य मी फार ऐकते. एच-वन-बीवर असाल, ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर मत देता येत नाही, खरं आहे. पण सनशाइन कायदा बैठकीत बोलण्याचा हक्क रहिवाशांना आणि करदात्यांना देतो. तिथे तुमचं नागरिकत्व कुणी विचारत नाही, नाव आणि टाउनशिप विचारतात. आणि जे नागरिक झाले आहेत, त्यांनी निवडणुकीच्या वर्षी अध्यक्षपदाइतकीच या नऊ खुर्च्यांची चौकशी करावी. आपल्यातल्या कुणी उभं राहायचं ठरवलं तर त्याच्या प्रचाराला दारोदार फिरायला मी तयार आहे.

आपल्या भागातल्या आमदारांना, म्हणजे राज्याची राजधानी हॅरिसबर्गमधल्या प्रतिनिधींना आणि सिनेटरांना, मी या पत्राचा इंग्रजी गोषवारा पाठवणार आहे. त्यात दोनच मागण्या आहेत: स्पेशल एज्युकेशनचा दर मुलाच्या खऱ्या गरजेनुसार सगळ्याच चार्टर शाळांना लावा, आणि शाळा चालवणाऱ्या खाजगी कंपन्यांचे हिशेब डिस्ट्रिक्टच्या हिशेबाइतकेच खुले करा. चार्टरमधल्या पालकांनी त्यावर सही केली तर तिचं वजन वेगळं असेल, कारण त्यांना कुणी चार्टरचा शत्रू म्हणू शकणार नाही. तुमच्या सह्यांची मला खरोखर गरज आहे.

डिस्ट्रिक्टला नवं बजेट ३० जूनच्या आत मंजूर करावं लागतं, त्यामुळे मे आणि जूनच्या बैठका महत्त्वाच्या. तारखा डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर असतात, मी ग्रुपवरही टाकेन. संध्याकाळी मुलांना कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न असेल तर सांगा, आम्ही दोघी-तिघींनी आळीपाळीने सांभाळायचं ठरवलं आहे. ज्यांना गाडीची अडचण आहे त्यांनीही कळवा, माझ्या गाडीत जागा आहे.

तुमची,
चेस्टर काउंटीतली एक मराठी आई